चर्चा: विरोध कुठे संपतो आणि कट्टरपणा कुठे सुरू होतो?

बोळातला_पुणेकर: १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर. ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. ख्रिस्त्यांच्या हातच्या चहाला नावं ठेवा, टर उडवा, माझी हरकत नाही. पण त्या घरी भटजी फिरकू द्यायचा नाही, हा कट्टरपणा.

तिरकस: असहमत. माझ्या पंगतीला कोण बसणार हे मी ठरवणार. मत न पटलेल्याने दारही लावायचं नाही? हल्ली ऊठसूट कुणालाही असहिष्णू ठरवतात.

बोळातला_पुणेकर: लावा की दार! पण ग्रामण्यात फक्त तुमचं दार लागत नाही. वाळीत टाकलेल्याकडे जो जेवेल तोही वाळीत. मग शेजाऱ्याला तुमच्या बाजूने यायचं की नाही, हे ठरवायची सोयच उरत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, ती काय हौस म्हणून?

माजघर: सनातन्यांनाच का झोडपताय? १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तेव्हा सुधारकांनीच त्यांना फैलावर घेतलं. मित्रमंडळींच्या अडचणी दिसत होत्या म्हणून माणूस वाकला, तर आपलेच लोक तुटून पडले. (टिळक मात्र काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून मोकळे. वकिली डोकं!)

बोळातला_पुणेकर: फैलावर घेतलं, मान्य. रानड्यांचा भटजी तोडला नाही ना?

माजघर: भटजी नाही, पण जिव्हारी लागायचं ते लागतंच. तुमच्या व्याख्येत ते कुठेच बसत नाही.

तिरकस: बरं, आजचं बोला. सोसायटीने ठराव केला, मांसाहारी भाडेकरू नको. निवड की ग्रामण्य?

बोळातला_पुणेकर: ठराव न मानणाऱ्या फ्लॅटमालकाचं पार्किंग काढून घेतलंत की ग्रामण्यच.

तिरकस: आणि मी एकट्याने, माझ्या फ्लॅटपुरतं ठरवलं तर?

बोळातला_पुणेकर: तोंडावर कट्टर म्हणेन. पण तुमच्याविरुद्ध सह्या गोळा करत जिने चढणार नाही.