एक्सपी, सेव्हन आणि टेन एकाच घरात: फाइल दिसंना, प्रिंट निघंना

मोंढारोड (परभणी)

नमस्कार मंडळी. घरात तीन मशीन, तिन्ही एकाच फायबरच्या राउटरवर.

पहिलं, जुना डेस्कटॉप. एक्सपी होम, सर्व्हिस पॅक ३. आडतीच्या हिशेबाचा डॉसमधला प्रोग्रॅम ह्याच्यावरच चालतो, त्यामुळे मोडीत काढता येत नाही. मागच्या पॅरलल पोर्टला एप्सन एलएक्स-३००+ आहे.
दुसरं, विंडोज ७, ३२ बिट. एचपी लेझरजेट १०२० यूएसबीने ह्यालाच आहे. मराठी टायपिंग इथंच, जुन्या फॉन्टांत.
तिसरं, लॅपटॉप. विंडोज १०, ६४ बिट, वायफायवर.

हवंय एवढंच की एक्सपीतल्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाचे कागद) लॅपटॉपवर बघता याव्यात आणि लॅपटॉपवरून लेझरला प्रिंट द्यावी. पण लॅपटॉपवरून एक्सपी उघडायला गेलं की ‘जुना, असुरक्षित प्रोटोकॉल लागतो’ म्हणून दार बंद. एक्सपीवरून सेव्हन कधी दिसतंय, कधी नाही. लाइट जाऊन आली की हमखास गायब. सेव्हनवरचा प्रिंटर लॅपटॉपला जोडताना ड्रायव्हरपाशी अडतंय. पिंग तिन्हीकडून होतंय. फायरवॉल तिन्हीवर बंद करून बघितली, काहीच फरक नाही. चुकतंय कुठं?

बालाघाट

आधी फायरवॉल परत चालू करा, आत्ताच. पिंग होतंय म्हणजे वायर आणि पत्ता ठीक आहे, एवढंच त्यातून कळतं. शेअरिंग ४४५ आणि १३९ ह्या पोर्टांवर चालतं, ते वेगळं प्रकरण.

लॅपटॉपवर जो संदेश येतोय तो एसएमबी-१ चा, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करायच्या जुन्या भाषेचा. एक्सपीला फक्त तीच भाषा येते आणि विंडोज १० मध्ये १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून, ती आपोआप बसत नाही, किंवा काही दिवस न वापरल्यास आपोआप निघते. कंट्रोल पॅनल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये जा. एसएमबी १.० च्या ओळीखाली तीन खुणा दिसतील. त्यातली फक्त ‘क्लायंट’ची खूण लावा, ‘सर्व्हर’ची लावू नका. रीस्टार्ट केलं की एक्सपी उघडेल.

सेव्हन ‘कधी दिसतं, कधी नाही’ म्हणताय त्यात केबलही तपासा. एक्सपीवर लॅनच्या स्टेटसमध्ये स्पीड १०० दाखवतंय का? १० दाखवत असेल किंवा मोठी फाइल अर्ध्यात थांबत असेल तर क्रिंपिंग (केबलच्या टोकाला तारा प्लगमध्ये बसवणं) बघा. पुष्कळ ठिकाणी तारा जोडीजोडीने सरळ लावलेल्या असतात: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी. पिंग चालतं, पण १०० च्या स्पीडला डेटा फाटतो, कारण ३ आणि ६ नंबरच्या पिनांना एकाच पिळातल्या दोन तारा लागतात. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

गोदाकाठ

बालाघाट भाऊंनी कारण अगदी बरोबर सांगितलंय, पण लॅपटॉपवर एसएमबी-१ चालू करायची गरजच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ मधल्याच भोकातून. जो लॅपटॉप रोज इंटरनेटवर असतो आणि बाहेरच्या वायफायलाही जोडला जातो, त्यावर ते दार उघडू नये.

तुमच्या घरात एक दुभाषी आधीच बसलाय: सेव्हन. त्याला एसएमबी-१ ही येतं आणि २ ही. एक्सपी त्याच्याशी जुन्या भाषेत बोलेल, टेन नव्या भाषेत. म्हणून फोल्डर आणि लेझर दोन्ही सेव्हनवरच शेअर करा, एक्सपीवर काहीही शेअर करू नका. तसंही एक्सपी होम नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘गेस्ट’ म्हणूनच घेतं, तिथे पासवर्डनिहाय परवानगी देताच येत नाही.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या.

सेव्हनवर सगळ्यात आधी पत्ता पक्का करा. लाइट गेली की राउटर आणि मशीन मागेपुढे सुरू होतात, पत्ते बदलतात आणि जुन्या पत्त्यावर केलेली जोडणी तुटते. राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, हद्द बघा. समजा ती १०० ते २०० आहे, तर सेव्हनला त्याबाहेरचा १९२.१६८.१.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असेल तर त्याप्रमाणे बदला.

मग एक नवीन युजर काढा, नाव ‘हिशोब’, आणि त्याला पासवर्ड द्याच. पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत येणं विंडोज मुळातच अडवतं. ‘पासवर्ड नाहीच तर मागतंय कशाला’ हा गोंधळ तिथूनच होतो. एक्सपीवर ज्या नावाने लॉगिन करता तेही ‘हिशोब’ आणि पासवर्ड तोच ठेवा, म्हणजे दर वेळी विचारणार नाही.

फोल्डर डी ड्राइव्हवर काढा. नाव ‘हिशोब’च, पण इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको, कारण डॉसला तेवढंच झेपतं. शेअर करताना कुलपं दोन असतात: ‘शेअरिंग’ टॅबमधली परवानगी आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमधली. दोन्हीकडे ‘हिशोब’ला बदल करायची परवानगी द्या. एकीकडे फक्त वाचायची असेल तर तीच लागू होते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ती ह्यामुळेच. आख्खा सी ड्राइव्ह कधीही शेअर करू नका.

एक्सपीवर पत्ता १९२.१६८.१.५१, मास्क तोच, गेटवे आणि डीएनएस (इंटरनेटवर जायला लागणारे दोन पत्ते) कोरे. म्हणजे घरातल्या मशीनशी बोलेल पण इंटरनेटवर जाणार नाही. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. तरीही वॉनाक्रायसाठीचा पॅच, केबी४०१२५९८, पेन ड्राइव्हने आणून बसवा. सेव्हनवरही त्याच भोकाचा मार्च २०१७ चा अपडेट हवाच. मग एक्सपीच्या कमांड प्रॉम्प्टवर:

नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.५०\हिशोब /पर्सिस्टंट:येस

आता डॉसच्या प्रोग्रॅमला सेव्हनवरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून दिसेल. पट्टी ‘फाइलवर प्रिंट’ करताना झेड द्या, ती लॅपटॉपवर लगेच उघडेल. लॅपटॉपवर पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५० टाका. नाव-पासवर्ड विचारलं की सेव्हनवरचं ‘हिशोब’ खातं द्या. लॅपटॉपचा पिन तिथे चालत नाही.

‘नेटवर्क’च्या चित्रात मशीन दिसण्याची वाट बघू नका. जुन्या पद्धतीत प्रत्येक मशीन आपली हजेरी दर १२ मिनिटांनी देतं आणि बंद झालेलं मशीन यादीतून जायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. दिसणं वेगळं, उघडणं वेगळं. वर्कग्रुपचं नाव सारखं असावं म्हणतात (एक्सपी होममध्ये मूळचं ‘एमएसहोम’ असतं, बाकीकडे ‘वर्कग्रुप’), पण त्याचा संबंध फक्त यादीशी. पत्ता टाकून उघडायला नाव जुळलं नाही तरी अडत नाही.

तेरणा

गोदाकाठ सरांची मांडणी बरोबर आहे. मी प्रिंटरचं सांगते.

ड्रायव्हरपाशी अडतंय कारण सेव्हन ३२ बिटचं, लॅपटॉप ६४ बिटचा. जोडताना लॅपटॉप सेव्हनकडे ड्रायव्हर मागतो आणि त्याच्याकडे ६४ बिटचा नसतो. तो वाद टाळायचा असेल तर हे करा. लेझर एकदा लॅपटॉपलाच यूएसबीने लावा, ड्रायव्हर बसू द्या, चाचणीचं पान काढा. मग प्रिंटर परत सेव्हनला लावून तिथे शेअर करा, शेअरचं नाव ‘एचपी१०२०’, मध्ये जागा नको. लॅपटॉपवर त्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅब, ‘ॲड पोर्ट’, ‘लोकल पोर्ट’, ‘न्यू पोर्ट’ असं करत जा आणि नाव टाका: \\१९२.१६८.१.५०\एचपी१०२०. त्याआधी सेव्हनचा शेअर केलेला फोल्डर उघडून पासवर्ड ‘लक्षात ठेवा’ करून घ्या, नाहीतर पोर्ट ‘ॲक्सेस नाकारला’ म्हणतं. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेली एरर येते, तीही ह्या रस्त्याने सहसा टळते. रजिस्ट्रीत हात घालून सुरक्षा कमी करायची गरज पडत नाही.

१०२० बद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर (तो चालवणारा आतला प्रोग्रॅम) जवळ ठेवत नाही. दर वेळी चालू केला की ज्या संगणकाला तो यूएसबीने लावलाय त्याचा ड्रायव्हर ते आत भरतो. म्हणून राउटरच्या यूएसबीला लावून चालत नाही आणि सेव्हन बंद असेल तर लॅपटॉपवरून काहीही निघणार नाही. सेव्हनच्या पॉवर ऑप्शनमध्ये ‘स्लीप’ कधीच नाही असं ठेवा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

दुसरं, पान संगणकातच तयार होऊन ह्या प्रिंटरकडे जातं. साधा मजकूर त्याला कळत नाही. त्यामुळे डॉसमधून एलपीटी१ (पॅरलल पोर्टचं डॉसमधलं नाव) ला नेट यूजने ह्या लेझरकडे वळवलं तर दिवा लुकलुकेल, कागद येणार नाही. डॉसची प्रिंट एप्सनवरच ठेवा, तो साधा मजकूर थेट घेतो. पुढे पॅरलल पोर्ट गेला आणि यूएसबी-पॅरलल केबल लावावी लागली, तर डॉसला ती एलपीटी१ म्हणून दिसत नाही. तेव्हा एप्सन त्याच मशीनवर शेअर करून नेट यूज एलपीटी१ त्या शेअरकडे वळवायचं, मग चालतं.

पट्टीची फाइल लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडून लेझरवर काढताना फॉन्ट कुरिअर न्यू, १० पॉइंट घ्या. एका इंचात १२ अक्षरं बसतात, म्हणजे ८० रकान्यांची ओळ पावणेसात इंचांच्या आत, ए-फोरवर आरामात. १३२ रकान्यांची खातेवही असेल तर कागद आडवा आणि ९ पॉइंट. दुसरा कुठला फॉन्ट घेतला तर क्विंटल, भाव आणि हमालीचे आकडे एकमेकांखाली राहत नाहीत.

मराठीचंही पाहा. सेव्हनवर कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी०१ मध्ये टाइप केलेली फाइल लॅपटॉपवर उघडून प्रिंट दिली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा निघेल, कारण त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी कोडांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. तोच फॉन्ट लॅपटॉपवर बसवा, किंवा सेव्हनवरच पीडीएफ करून शेअरमध्ये टाका.

मोंढारोड (परभणी)

फार उपकार झाले. झेड ड्राइव्ह आला, पट्ट्या लॅपटॉपवर दिसायल्यात, लेझरही चालायलंय. दोन गोष्टी उरल्या. सेव्हनला पत्ता दिल्यावर त्यावर इंटरनेट बंद झालं, आणि काल लाइट जाऊन आल्यापासून शेअरही उघडंना गेलंय. खाली ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ दिसतंय. दुसरं, एक्सपीवरून रोजचा बॅकअप एक्सकॉपी (फाइली नकलायची कमांड) /डी लावून झेडवर घेतोय, पण बदललेल्या फाइली जाईनात.

गोदाकाठ

गेटवे मी फक्त एक्सपीवर कोरा ठेवायला सांगितला होता. सेव्हनवर काय भरायचं ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. तिथे गेटवे आणि डीएनएस दोन्हीत १९२.१६८.१.१ भरा. गेटवे नसला की सेव्हन त्या नेटवर्कला ओळखत नाही, ‘पब्लिक’ धरतं आणि शेअरिंग बंद करतं. भरल्यावर ठिकाण ‘होम’ निवडा, मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू आहे का ते एकदा बघा. राउटर बदलला किंवा रीसेट केला की हा प्रश्न परत विचारला जातो. तेव्हाही ‘होम’च.

बालाघाट

एक्सकॉपीचं कारण बहुतेक मदरबोर्डवरचा सेल. एक्सपीच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर तारीख बघा. लाइट गेल्यावर वीस वर्षं मागे गेली असेल. फाइल झेडवर आधीच असेल तर /डी ती तारखेने नवीन असली तरच उचलतं, आणि आजची फाइल त्याला झेडवरच्यापेक्षा जुनी वाटते. सीआर२०३२, ३ व्होल्टचा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मशीनची वायर भिंतीतून काढा, जुना सेल खाचेतून सोडवा, नवा बसवताना अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख-वेळ लावा. पहिला बॅकअप /डी न लावता घ्या: एक्सकॉपी सी:\आडत झेड:\आडत /ई /वाय. आणि बॅकअपच्या आधी हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करा. उघडी फाइल अर्धवट जाते.

तेरणा

लाइट प्रिंटच्या मध्येच गेली तर रांगेत एक फाइल अडकून राहते आणि तिच्यामागची सगळी थांबतात. डिलीट केली तरी ‘डिलीटिंग’ म्हणत बसते. सेव्हनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, नेट स्टॉप स्पूलर (स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा). मग विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स ह्या फोल्डरातल्या फाइली काढा. फोल्डर तसाच ठेवा. नेट स्टार्ट स्पूलर, आणि लेझर दहा सेकंद बंद करून चालू करा, म्हणजे फर्मवेअर परत भरलं जाईल.