चारचौघांत बोललो, माफी एकट्यात मागितली. आता काय?

फाटकी_छत्री:
माझ्यासकट आठ जणांची टीम. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी मीटिंगमध्ये सगळ्यांत नवीन मुलाने भलत्याच महिन्याचे आकडे दाखवले. मी बोलून गेलो, "डोकं आणायला विसरलास, की मुळात नाहीच?" सगळे हसले. तोही हसला, पण कान लाल झाले होते. संध्याकाळी बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. "ठीक आहे सर," म्हणाला. तेव्हापासून काही विचारायला आलेला नाही. आधी दिवसातून पाच-सहादा यायचा. काल त्याच्या फाइलमध्ये अशी चूक सापडली, की विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुटली असती.
मी मुळात फटकळ आहे, सगळ्यांनाच बोलतो. हा जरा जास्तच हळवा आहे का?

जाईजुई:
सगळ्यांनाच? तुमच्या साहेबांनी भलता महिना दाखवला असता, तर हेच तोंडातून निघालं असतं? (माझीही जीभ अशीच आहे, म्हणून विचारतेय.)

रात्रपाळी:
मी नर्स आहे. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ टीमवर एक प्रयोग झाला होता, २०१५ साली 'पीडियाट्रिक्स'मध्ये छापून आला. सरावाची केस होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने काही टीमना सौम्य टोमणे मारले, तेही त्यांच्या कामाशी संबंध नसलेले. त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती देणं, मदत मागणं कमी झालं होतं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही तर थेट डोकं काढलंत त्याचं. हळवा कसला हो, तो आता तुम्हाला विचारायचं टाळतोय.
मीही एकदा सिनिअरचं असंच ऐकून घेतलं होतं. त्यानंतर शंका आली की त्यांच्याकडे न जाता दुसरा मजला गाठायचे.

जुना_कारकून:
जे सहा जण हसले, त्यांना तुमची माफी कुठे माहीत आहे? त्यांच्या लेखी तो अजून बिनडोकच. पण भाषण ठोकू नका, नाहीतर बिचारा पुन्हा सगळ्यांच्या नजरेत. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं", बास. 'गंमत केली' हे तर अजिबात नको.

फाटकी_छत्री:
जाईजुई, उत्तर दोनदा लिहून खोडलं. नसतं निघालं.
पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीलाच बोलतो. त्याला आधी सांगून ठेवू का?

जुना_कारकून:
सांगू नका, विचारा. नको म्हणाला तर मीटिंगमध्ये बोलू नका.