फेरे आखूड होत जातात
रोज ठरवून अर्धा तास बसलं की गोधडी पुरी होते, असं म्हणतात. माझं नाही होत बाई. उभ्या ओळींनी शिवताना शेवटची ओळही पहिलीएवढीच लांब, मग निम्म्यात गाठोडं माळ्यावर जातं. परभणीकडची माझी आजी वाकळ, म्हणजे गोधडीच, कडेनं धरायची आणि चौकोनी फेरे मारत मधे यायची. पहिला फेरा जीव खातो, पण पुढचा प्रत्येक आखूड. शेवटचे तर चहा उकळेस्तोवर होतात.

फक्त आधी जुन्या नऊवारीचे थर कच्च्या टाक्यांनी पक्के धरा, नाहीतर सगळा झोळ मधे गोळा होतो. माझा झाला होता, उसवण्यात दोन दुपारी गेल्या. आणि शिवायला घ्यायची ती उन्हाळ्यातच, रानातली कामं थंडावलेली असतात तेव्हा. मिरगानंतर, पाऊस सुरू झाल्यावर धरलेली माझी एक वाकळ अजून अर्धीच आहे.