एम.ए., एम.एस्सी.च्या समाधान सर्वेक्षणातून खरंच काही कळतं का?

गठ्ठेबाज: नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) 2017च्या चौकटीत 2.7 खाली विद्यार्थी समाधान सर्वेक्षण येतं. 0 ते 4 गुणांचे 20 प्रश्न, शेवटी एक मोकळा. कॉलेजमधून 10 टक्के किंवा 100 विद्यार्थी, यांतला जो आकडा कमी तेवढी उत्तरं आली की भागतं. म्हणजे बी.ए.-बी.कॉम.चे हजारभर आणि एम.एस्सी.चे वीस एकाच गठ्ठ्यात! पदव्युत्तर विभागाचं दुखणं त्यात दिसणारच नाही. विभागाचा स्वतःचा फीडबॅक तरी काय सांगतो? 15 जणांपैकी आठांनी पाचपैकी 5 दिले, सातांनी 1. सरासरी 3.13, शेरा ‘समाधानकारक’. वर्ग उभा दुभंगलाय, ते कुणाच्या गावीही नाही. बंद करा हे.

आयक्यूएसीकर (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष): बंद कशाला? सरासरी काढणं बंद करा. नॅकचा पहिलाच प्रश्न बघा: वर्गात किती अभ्यासक्रम शिकवून झाला? 85 ते 100 टक्क्यांना 4, तिशीच्या खाली 0. हा मनाच्या लहरीचा प्रश्न नव्हे. प्रत्येक पेपरला कोणत्या पर्यायावर किती जण, एवढाच तक्ता लावा. दहाच्या आत उत्तरं असतील तर दोन वर्षांच्या बॅच एकत्र करा.

मागचा_बाक: तक्ता लावाल, पण भरलंय काय? पंधरा जणांच्या वर्गात अक्षर नाही तरी भाषा ओळखू येते, आणि इंटर्नलचे (अंतर्गत परीक्षेचे) गुण त्याच सरांच्या हातात. गूगल फॉर्मवर ‘ईमेल गोळा करा’ चालू ठेवायचं आणि वर ‘निःसंकोच लिहा’ म्हणायचं! इंटर्नल अपलोड झाल्यावरच फॉर्म उघडा.

आयक्यूएसीकर: तेव्हा मुलं गावी नाहीतर नेट-सेट परीक्षांच्या मागे. कोण भरणार?

गठ्ठेबाज: मग हॉल तिकिटाला जोडतात, आणि पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका पडतात. मध्ये एक प्रश्न उलटा घाला (‘तासिका वारंवार रद्द होतात’). तिथेही तीच टीक असेल तर तो फॉर्म बाद.

तासिका_तत्त्व: सगळे फॉर्मवर भांडताय. राज्यातल्या नव्या पदव्युत्तर रचनेत दोन वर्षांचे 88 क्रेडिट, त्यात दुसऱ्या सत्राला ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट 4 क्रेडिटचा. क्रेडिटला 30 तास धरले तर 120 तास. तालुक्याच्या गावी एम.ए. इतिहासच्या मुलांनी ते करायचे कुठे? मग ओळखीतून शिक्का मिळवायचा. चीड येते ती रचनेची, गुण कापले जातात सीएचबीवाल्याचे (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे), आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या ऑर्डरच्या वेळी तोच कागद पुढे येतो. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा, जागा शासनाने भरायच्या. रचना, शिकवणं आणि सोयी यांचे वेगळे भाग करा, आणि पहिला भाग थेट अभ्यास मंडळाकडे पाठवा.

मागचा_बाक: वेगळे करा, जरूर. पण रचनेआड शिकवणं लपवू नका. तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. गाइड सत्र संपत आल्यावर मिळाला तर डेटा गोळा कधी करायचा, लिहायचं कधी? हे तर विभागाच्याच हातात आहे ना? गाइड कधी मिळाला, पहिला मसुदा तपासून किती दिवसांत परत आला, हे दोन प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतात.

आयक्यूएसीकर: घालता येतील. फक्त उत्तर तारखेत घ्या. ‘वेळेवर / उशिरा’ असे पर्याय दिलेत तर सगळे ‘वेळेवर’च भरतील, आणि फीडबॅकवर काय केलं त्याच्या कृती अहवालात लिहायला आम्हाला काहीच उरणार नाही.