जुने पंप बदलण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाला आकड्यांनिशी कसा पटवावा?

प्रश्न

आमच्या कारखान्यात जमिनीखालच्या टाकीतून प्रक्रियेसाठी पाणी उचलणारे दोन सेंट्रिफ्युगल पंप आहेत. एक चालू असतो, दुसरा राखीव. दर आठवड्याला आम्ही त्यांची पाळी बदलतो. दोन्ही पंप वीस वर्षांहून जुने आहेत, मोटरी ४५ किलोवॉटच्या असून दोनदा रिवाइंड झालेल्या (आतील तारा नव्याने गुंडाळलेल्या) आहेत आणि वर्षाकाठी पंपाचे सुमारे ६,००० तास भरतात. नवे, कार्यक्षम पंप घ्यावेत असे देखभाल विभागाचे ठाम मत आहे, परंतु पाणी वेळेवर मिळत असताना चालू यंत्र का काढायचे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे आणि तो रास्तच आहे. जुन्या पंपाच्या नावपट्टीवरील कार्यक्षमता आणि नव्या पंपाच्या कॅटलॉगमधील कार्यक्षमता यांतील फरक दाखवणे पुरेसे होईल का?

उत्तर १

पुरेसे होणार नाही. नावपट्टीवरील आकडा पंप नवा असतानाचा असतो. त्यानंतर वेअर रिंगमधील (फिरता व स्थिर भाग यांच्यातील झिजणाऱ्या कड्यांमधील) फट वाढते, दाबाखालचे पाणी पुन्हा सक्शनकडे, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या बाजूकडे, परतू लागते आणि इम्पेलर (पाणी फेकणारे फिरते चाक) व केसिंग (त्याभोवतीचे कवच) यांचे पृष्ठभाग खरबरीत होतात. हे सारे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ‘पंप व्यवस्थित चालतो आहे’ असे सर्वांना वाटत राहते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मोजमाप हवे.

मोजायच्या गोष्टी तीनच आहेत. प्रवाहासाठी बाहेरून पाइपाला लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर मिळाला तर उत्तम. नाहीतर टाकीत येणारे पाणी थांबवून पातळी किती वेळात उतरते ते पाहावे. समजा टाकी ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे आणि पातळी पाच मिनिटांत अर्धा मीटर उतरली, तर १५ घनमीटर पाणी गेले, म्हणजे प्रवाह तासाला १८० घनमीटर. हेडसाठी, म्हणजे पंप पाण्याला देतो त्या दाबाची मीटरमधील उंची काढण्यासाठी, सक्शन व डिलिव्हरी (पाणी बाहेर पडते ती बाजू) या दोन्ही बाजूंना तपासून घेतलेले प्रेशर गेज हवेत. विजेसाठी पॉवर अॅनालायझर वापरावा. क्लॅम्प मीटरवरील अँपिअरवरून अंदाज बांधू नये, कारण मोटरवर भार कमी असला की पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) घसरतो.

प्रवाह (तासाला घनमीटर) आणि हेड (मीटर) यांचा गुणाकार करून त्याला ३६७ ने भागले की पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. १८० घनमीटर आणि ४२ मीटर हेडसाठी ती २०.६ किलोवॉट येते. मोटर ४१ किलोवॉट ओढत असेल, तर निम्मी वीज वाया जात आहे. पंप ८० टक्के आणि मोटर ९३.५ टक्के कार्यक्षम असेल, तर हेच काम २७.५ किलोवॉटमध्ये होईल.

उत्तर २

वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि माझ्या मते खरी बचत तिथेच आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह किती उघडा आहे, हे आधी पाहा. मूळ निवडीच्या वेळी ‘असू द्या थोडे जास्त’ म्हणून हेड वाढवून घेतलेले असते. मग मोटरवर जास्त भार येऊ नये म्हणून कोणीतरी व्हॉल्व्ह आवळून ठेवतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. व्हॉल्व्हच्या पुढेही एक गेज बसवा. आधी चौरस सेंटिमीटरला ४ किलो आणि पुढे २.८ किलो दाब दिसला, तर तब्बल १२ मीटर हेड व्हॉल्व्हमध्येच जिरत आहे. तुमच्या यंत्रणेची खरी गरज मग ४२ नव्हे, ३० मीटर आहे. या गरजेला साजेसा पंप निवडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर त्याच कार्यक्षमतेने १९.७ किलोवॉट पुरतात.

जुन्या नावपट्टीवरील प्रवाह आणि हेड खरेदीच्या मागणीत जसेच्या तसे उतरवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. तसे केले तर नवा, महागडा पंपही त्याच आवळलेल्या व्हॉल्व्हवर डोके आपटत राहील. फक्त मोटर बदलण्याचा सोपा मार्गही नीट तपासून घ्यावा. कार्यक्षम मोटरचा स्लिप (चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटर मागे राहते तो फरक) कमी असल्याने ती किंचित जास्त वेगाने फिरते आणि पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १४५५ ऐवजी १४७५ फेरे झाले, तर सुमारे चार टक्के जादा शक्ती लागेल आणि मोटरमुळे झालेली बचत बरीचशी त्यातच जाईल.

उत्तर ३

मी खर्चाच्या बाजूने लिहितो, कारण असे प्रस्ताव बहुधा तिथेच अडतात. लेखा विभाग पहिला प्रश्न विचारेल तो दुरुस्तीचा, आणि त्याचे उत्तर तुम्हीच आधी द्यावे. वेअर रिंग बदलून, इम्पेलर साफ करून आणि केसिंगला आतून लेप देऊन जुन्या पंपाची कार्यक्षमता ७० टक्क्यांवर आणता आली आणि मोटर ९० टक्के धरली, तर ४२ मीटर हेडवर ३२.७ किलोवॉट लागतील. म्हणजे ८.३ किलोवॉट दुरुस्तीनेच वाचतात. ती बचत नव्या पंपाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. नव्या पंपाची खास बचत ३२.७ वजा १९.७, म्हणजे १३ किलोवॉट, अर्थात ६,००० तासांत ७८,००० युनिट. नवा पंप आणि दुरुस्ती यांच्या खर्चातील फरक या युनिटांच्या किमतीने भागावा. असा परतफेडीचा काळ कोणीही तपासला तरी टिकतो.

दोन्ही पंप घेण्याची गरज नाही. एक नवा घ्यावा, जुन्यांपैकी चांगला दुरुस्त करून राखीव ठेवावा आणि साप्ताहिक पाळी बंद करावी, नाहीतर निम्मी बचत जाईल. राखीव पंप अडू नये म्हणून तो अधूनमधून थोडा वेळ चालवला की पुरे. बंद पडल्यामुळे झालेले नुकसान मांडायचे असेल, तर ते तुमच्या देखभाल नोंदवहीतून काढा. अंदाजाचा एक आकडा आला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. व्हॉल्व्ह खरोखरच अर्धा बंद आहे. मोजमाप आता व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना घेऊ. नव्या पंपासोबत व्हीएफडीही (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे साधन) मागावा का? आमचा स्थिर उठाव, म्हणजे पाणी प्रत्यक्ष चढवायची उंची, १८ मीटर आहे.

उत्तर २

मागणी दिवसभरात बदलत असेल तरच मागा. वेग कमी केला की शक्ती घनाच्या प्रमाणात घटते, हा नियम मुख्यतः घर्षणाच्या हेडला (पाइपांतील घर्षणावर मात करायला लागणाऱ्या हेडला) लागू पडतो. ३० पैकी १८ मीटर नुसता उठाव असताना तेवढी बचत होणार नाही. शून्य प्रवाहाला पंपाचे हेड ३६ मीटर असेल, तर वेग ७१ टक्क्यांच्या खाली गेल्यावर पाणी वर चढणारच नाही आणि पंप आतल्या आत तापत राहील. प्रवाह एकसारखा लागत असेल, तर तो खर्च वाचवून त्याऐवजी कायमचा फ्लोमीटर आणि पंपासाठी स्वतंत्र वीजमीटर बसवा. प्रत्येक घनमीटरमागे आज ०.२२८ युनिट लागतात, ते ०.११ च्या आसपास आले की नाही, हे व्यवस्थापनाला दर महिन्याला दाखवता येईल.