पुरात बुडालेली आजोबांची फियाट ११०० : काम कोठून सुरू करावे?

गावभागवासी, सांगली (प्रश्न)

नमस्कार. आमच्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट सांगलीच्या गावभागातील वाड्यात, जिथे पूर्वी घोडे बांधत त्या पागेत उभी आहे. आजोबा डॉक्टर होते आणि रात्री-अपरात्री याच गाडीतून आसपासच्या गावांत रोगी पाहायला जात, त्यामुळे त्यांच्या माघारीही घरात तिला 'डॉक्टरांची गाडी' असेच म्हणतात. १९९६ नंतर ती रस्त्यावर आलेली नाही. एवढ्यावर निभावले असते तरी बरे होते. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा, ही गाडी काही दिवस स्टिअरिंगपर्यंत पाण्यात राहिली आणि २०२१ साली पुन्हा तिच्या चाकांपर्यंत पाणी आले. दोन्ही वेळा आम्ही पाइपने गाळ धुऊन काढला आणि, खरे सांगायचे तर, त्यापुढे तिच्याकडे पाहिले नाही.

येत्या मार्गशीर्षात थोरल्या काकांचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्या दिवशी त्यांना याच गाडीतून गणपतीच्या देवळात न्यावे, असे आत्याने सर्वांसमक्ष बोलून टाकले आहे. साताऱ्यातील एका गॅरेजने फोटो पाहूनच 'एकरकमी काम' सांगितले असून त्यांची सुरुवात डेंटिंग-पेंटिंगपासून आहे. पुण्याच्या चुलतभावाचे मत असे की, जुने इंजिन भंगारात द्यावे, मारुतीचे इंजिन बसवावे आणि जमल्यास एसीही घालावा. इंजिन फिरत नाही. गाडी अजूनही आजोबांच्याच नावावर आहे आणि वारस चार आहेत. पैसे वर्गणीने जमतील, पण एकदाच जमतील. म्हणून काम कोणत्या क्रमाने करावे आणि मूळ इंजिनाचा आग्रह धरावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त निदेशक, कराड

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग अनेक वर्षे शिकवला आणि स्वतःची एक पद्मिनी (याच फियाटची पुढची आवृत्ती) अजून चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रंगापासून सुरुवात करणाऱ्या गॅरेजला नम्रपणे नकार द्यावा. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचा खरा प्रश्न वरून दिसणाऱ्या पत्र्याचा नसून आतून सडलेल्या पत्र्याचा असतो आणि रंग दिल्याने तो केवळ झाकला जातो.

फियाट ११०० ला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळ, दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्या, खांब आणि छत हे सर्व मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. या पोकळ पट्ट्यांत कृष्णेचा गाळ शिरला असणार. पाइपने धुतल्याने तो निघत नाही, उलट ओला होऊन तळाशी बसतो आणि वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो. म्हणून आधी आतली आसने, चटया आणि रबरी आच्छादन पूर्ण काढावे, दाराच्या तळाची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हरने तळ व पट्ट्या हातभर अंतराने दाबून पाहाव्यात. जेथे टोक आत जाईल तेथे खडूने खूण करावी. पत्रा शाबूत असेल तर ठोकल्यावर आवाज खणखणीत येतो, गाळ भरला असेल तर बद्द येतो. हे काम कानांनी होते, फोटोवरून होत नाही.

पट्टी बदलावी लागलीच तर एक गोष्ट डेंटरला निक्षून सांगावी. कापण्यापूर्वी दारांच्या फटी मोजून वहीत लिहाव्यात, दार काढून त्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप तात्पुरता जोडून घ्यावा आणि एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही पट्ट्या एकदम कापल्या की गाडी मध्यातून खचते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. माझ्या पाहण्यातील एका गाडीची अशी अवस्था झाली होती. रंग आरशासारखा होता आणि मागचे दार मात्र खांद्याने ढकलून लावावे लागे. सडलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून टाके मारण्याची पद्धत सोपी असली तरी ती मान्य करू नये, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहते.

आता इंजिन. स्टार्टर मारणे किंवा गाडी ओढून गिअरमध्ये टाकणे, हे दोन्ही मोह टाळावेत. स्टिअरिंगपर्यंत पाणी म्हणजे एअर क्लीनरच्याही वर पाणी, आणि ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्या वेळी उघडे असतील त्यात ते उतरले असणार. प्रथम चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा), गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा) असे तिन्ही ड्रेन प्लग उघडून तेल बाहेर काढावे. आधी पाणी आले तर नवल नाही. त्यानंतर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे ओतावे, आठ-दहा दिवस मुरू द्यावे आणि मग गाडी न्यूट्रल ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून अगदी थोडेसे मागे-पुढे करून पाहावे. जोर लावू नये, कारण व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुश-रॉड वाकतो.

ब्रेक सर्वांत शेवटी लिहितो, पण पैशांच्या यादीत ते पहिले असावेत. चारही चाकांना ड्रम आहेत आणि हायड्रॉलिक वाहिनी एकच आहे. त्यामुळे एक रबरी नळी फुटली की पेडल तळाला जाते आणि चारही चाके मोकळी राहतात. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सर्व नळ्या आणि लोखंडी पाइप नवे घालावेत. यात 'चालतंय की' म्हणणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नये.

उद्यमनगरवाला, कोल्हापूर

निदेशकसाहेबांशी बहुतांशी सहमत आहे, फक्त डिझेल मुरवण्याबाबत माझे मत वेगळे आहे. नुसत्या उभ्या राहिलेल्या इंजिनाला तो उपाय लागू पडतो. पुराचे इंजिन मात्र थेट उघडावे, कारण आत नुसता गंज नसून बारीक वाळूही असते आणि फिरवण्याच्या प्रत्येक प्रयत्नात ती बेअरिंगमध्ये व सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे काढते. तसेही ते उघडावेच लागणार आहे, मग आठ दिवस कशासाठी घालवावेत?

मूळ इंजिन ठेवण्याच्या बाजूने माझे कारण भावनेचे नाही. हे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची चाल) साधे इंजिन आहे. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचे झाकण) ॲल्युमिनियमचे. बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून घेणे), क्रँक म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याचे ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट बसवणे ही कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या होत आली आहेत आणि याच घराण्याचे इंजिन पद्मिनीत शतक संपेपर्यंत चालू राहिल्याने पिस्टन, गॅस्केट, बेअरिंग यांची वाण नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही इंजिने इतकी वापरली की सुट्या भागांचा मोठा बाजारच उभा राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तरी तो माल कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून मिळतो. टंचाई आहे ती डिलाइटच्या बाहेरच्या नक्षीची, म्हणजे क्रोमच्या पट्ट्या, जाळी आणि दिव्यांच्या कड्या यांची. तेव्हा त्या गाडीवरून निघालेला एकही वाकडा तुकडा टाकू नका.

हेडबद्दल एक सूचना. पूर्वी रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतत. त्याने ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात. हेड सपाट करून घेण्यापूर्वी त्या भोकांच्या कडा पाहाव्यात आणि कडा खाल्लेल्या असतील तर आधी वेल्डिंगने भरून घ्याव्यात. पुढे कूलंटच वापरावे.

पेट्रोलचे म्हणाल तर आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल येते. ते आपल्याच भागातील उसाचे असेल, म्हणून त्याच्याशी भांडण नाही; पण जुन्या रबराला ते खाते आणि हवेतील ओल धरते. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉलला टिकणारे घालावेत आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी करू नये.

कागदवाला, सातारा

लोखंडाविषयी वर पुरेसे आले आहे, म्हणून मी फक्त कागदांविषयी लिहितो. माझ्या मते इंजिन बदलण्याचा वाद कागदांपाशीच मिटतो.

केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा लागतो. आपली गाडी १९६८ ची असल्याने वयाची अट २०१८ सालीच पूर्ण झाली आहे. मारुतीचे इंजिन बसवले की ही वाट बंद झाली, असे समजावे. शिवाय साध्या नोंदणीतही इंजिन बदलायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते. 'आधी बसवू, मग पाहू' असे तेथे चालत नाही.

मात्र व्हिंटेज नोंदणीचे आकर्षण वाटत असेल तर तिची दुसरी बाजूही पाहावी. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, ती १० वर्षे चालते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढता येते. दर महिन्याला औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला जाण्याचा आपला बेत असेल तर त्यापेक्षा साध्या नोंदणीचे नूतनीकरण बरे. ते एका वेळी ५ वर्षांसाठी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. पंधरा वर्षांची गाडी सरकार उचलून नेते, ही जी भीती घरोघरी पसरली आहे ती दिल्ली परिसरातील आदेशांवरून आली आहे. आपल्या खासगी गाडीला ते आदेश लागू नाहीत.

परंतु या दोन्ही वाटांआधी नावाचा प्रश्न आहे. नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. चारही वारसांनी मिळून कोणा एकाचे नाव ठरवावे आणि इतरांची ना-हरकत लेखी घ्यावी. इतक्या जुन्या गाडीची नोंद बहुधा संगणकावर चढलेली नसते, म्हणून मूळ आरसी पुस्तक आणि करभरणा केल्याच्या पावत्या शोधून ठेवाव्यात. आजोबांच्या कपाटातील कोणताही पिवळा पडलेला कागद रद्दीत देऊ नये. आणि पेंटरला बोलावण्यापूर्वी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. ते आकडे घासण्याच्या कागदाखाली गेले तर जी धावपळ होते ती मी एका ओळखीच्या कुटुंबाची पाहिली आहे. 

गावभागवासी, सांगली

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते लिहितो.

चेंबरच्या प्लगमधून आधी सुमारे दोन तांबे स्वच्छ पाणी आले आणि मग राखी रंगाचा चिखल. डिफरन्शियलमधूनही पाणी आले. गिअरबॉक्समध्ये मात्र तेलच होते. उद्यमनगरवाल्यांचे ऐकून हेड काढले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ठीक दिसतात, तिसऱ्यात मात्र गंजाचे कडे आहे आणि पिस्टन तेथेच धरून बसला आहे. दाराखालच्या डाव्या पट्टीत हातभर लांबीचा भाग खडूने भरला. उजवी पट्टी वाजते. कदाचित पागेची उजवी बाजू उंचावर असल्यामुळे असे झाले असावे.

कागदांचा निर्णय सर्वांत लवकर झाला. गाडी आत्याच्या नावावर करायची आणि साधी नोंदणी ठेवायची. चुलतभावाने इंजिनाचा हट्ट सोडला, एसीचा मात्र अजून सोडलेला नाही. मार्गशीर्षाचा मुहूर्त गाठता येणार नाही, हे काकांना सांगण्याचे धाडस कोणालाच होत नव्हते. शेवटी ते स्वतःच पागेत आले, उघड्या इंजिनाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि 'तिसरा सिलिंडर तुमच्या आजोबांनाही त्रास द्यायचा' एवढे म्हणून परत गेले. त्या दिवशी गाडी नुसती धुऊन अंगणात ढकलत आणायची आणि त्यांना पुढच्या आसनावर बसवायचे, असे आत्याने आता सुचवले आहे.

एक शंका राहिली आहे. तिसरा पिस्टन वरून लाकूड ठेवून हातोड्याने खाली ढकलावा का?

निवृत्त निदेशक, कराड

ढकलू नये. क्रँक जोडलेला असताना वरून ठोकल्यास तो मार बेअरिंगवर जातो आणि पिस्टन फुटून सिलिंडरची भिंतही चिरू शकते. उद्यमनगरवाल्यांचा सल्ला बरोबर होता, हे मान्य करतो. माझे डिझेल त्या तिसऱ्या सिलिंडरला पुरले नसते.

इंजिन गाडीतून उतरवावे, चेंबर काढून कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर व रॉडवर सिलिंडरचा क्रमांक आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास पंचने ठिपके मारून घ्यावेत, कारण या कॅप एकमेकींत बदलून चालत नाहीत. क्रँक मोकळा करून बाजूला ठेवावा आणि अडकलेल्या पिस्टनसह ब्लॉक कोल्हापूरला न्यावा. बोअरिंगवाला तो दाबयंत्राने काढतो. एका सिलिंडरसाठी बोअरिंग केले तरी चारही एकाच मापाचे करून घ्यावेत आणि नवे पिस्टन हाती आल्यावर त्यांच्या मापानेच बोअर करायला सांगावे, आधी नाही.

अंगणात गाडी ढकलण्यापूर्वी चारही ड्रम मोकळे फिरतात का ते जॅकवर पाहून घ्या, आणि काका आत बसलेले असताना चाकांखाली विटा लावून ठेवा. तिला अजून ब्रेक नाहीत.