साथीच्या काळात दिवस भरत आलेले असताना नोकरी : तुमच्या कामाच्या जागी काय बदललं?

धागाकर्ती

साथ चालू असताना, सातवा-आठवा महिना लागलेला असताना ज्या बायका कामावर जात होत्या, त्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा काढते आहे. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली, तेव्हा मी गरोदर होते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. त्या दिवसांत मला जो भेटेल तो म्हणायचा, ‘काळजी घे हं.’ म्हणणाऱ्यांची माया खरी होती. पण घशाचे नमुने कुणी हाताळायचे, रिपोर्ट कुठल्या खोलीत बसून टाइप करायचे, माझ्या बदली कोण येणार, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. ते ड्युटी लावणाऱ्याच्या हातात होतं. म्हणून लिहिताना ‘मी अशी काळजी घेतली’ एवढ्यावर थांबू नका. कामाच्या जागी नेमकं काय बदललं आणि ते बदलून घ्यायला तुम्ही कुणाशी काय बोललात, तेही लिहा.

शेवटच्या तीन महिन्यांवर, म्हणजे २८ आठवड्यांनंतरच्या काळावर माझा भर का आहे तेही सांगते. वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती सुमारे २० टक्क्यांनी घटते, आणि शरीराची प्राणवायूची गरज साधारण तेवढीच वाढलेली असते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त, अशा घरात आजारपण आलं तर ओढाताण होणारच. त्यात गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि कोविडही तेच करतो. हे काही कोविडपुरतंच नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या १ टक्का होत्या, मृत्यूंमध्ये मात्र सुमारे ५ टक्के. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही गरोदर बायकांचे फार हाल झाले. म्हणजे पुढची साथ श्वासाची असेल तर हेच प्रश्न पुन्हा येणार आहेत.

लिहा. मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

मोरपंखी

मी स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड. सगळ्यांना वाटतं आम्हाला भीती फक्त पेशंटची. पेशंटजवळ जाताना तरी आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असायचो. खरा धोका त्या झाकण्यातच होता, हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं.

सूट घालायला सातव्या महिन्यात दोघींची मदत लागायची. चेन पोटापर्यंत यायची आणि तिथे अडायची. मोठ्या मापाचा सूट घ्यावा तर पाय इतके लांब की चालताना पायात यायचे, मग घोट्याला चिकटपट्टी. गॉगलवर वाफ धरायची. एकदा सूट चढवला की ड्युटी संपेपर्यंत काढायचा नाही, कारण सूट मोजकेच होते. म्हणजे पाणी नाही आणि लघवीला जाणंही नाही. गरोदरपणात मुळात लघवीचा संसर्ग लवकर होतो, त्यात हे. मला तो झाला, थंडी वाजून ताप आला आणि पोट कडक व्हायला लागलं. मुदतीआधी कळा सुरू होतात की काय म्हणून मलाच सलाइन लावून ठेवलं.

त्यानंतर मी मेट्रनबाईंना लेखी दिलं. तोंडी सांगितलेलं आपल्याकडे हवेत विरतं. त्यांनी एक गोष्ट मनापासून केली. गरोदर असलेल्या आम्हा सगळ्यांची यादी काढली आणि कुठली कामं द्यायची नाहीत ते वॉर्डाच्या फळ्यावर लिहिलं : श्वासनलिकेत नळी घालणं, सक्शन, नेब्युलायझर, असं जिथे पेशंटच्या श्वासातले कण हवेत उडतात ते काहीही. मला घरी विलगीकरणात असलेल्या पेशंटना फोन करण्याचं काम दिलं. ऑक्सिजन किती, ताप किती, जिना चढल्यावर धाप लागते का, हे विचारायचं. ते काम हलकं नव्हतं. दोन-तीन वेळा तरी माझ्या फोनमुळे माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचला असं मला वाटतं.

आणखी एक राहिलंच. चहाची खोली. वॉर्डात मास्क घट्ट लावणारे आम्ही सगळे त्या बिनखिडकीच्या खोलीत एकत्र मास्क काढून बसायचो. आमच्यातल्या बऱ्याच जणींना लागण तिथेच झाली. नंतर खाण्याच्या वेळा विभागल्या आणि गरोदर बायकांना गच्चीत बसायची मुभा मिळाली.

चांदणरात

बँकेत काउंटरवर होते. काच होती, पण काचेला खाली फट असते आणि ऐकू येत नाही म्हणून समोरचा माणूस मास्क खाली ओढून त्या फटीशी तोंड आणून बोलतो. दिवसभर हेच.

साहेबांना म्हटलं मला आतलं काम द्या. ते म्हणाले, एकीला दिलं की सगळे मागतील. डॉक्टरांचं पत्र दिलं होतं, पण त्यात ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच होतं. त्यावर साहेब म्हणाले, मग रजा घ्या. रजा आत्ताच संपवली तर बाळ झाल्यावर काय करणार? मी डॉक्टरांकडे परत गेले आणि पत्र बदलून आणलं. त्यात विश्रांती हा शब्दच नव्हता. ‘२८ आठवड्यांनंतर लोकांशी समोरासमोर संपर्क येणारं काम देऊ नये, सलग उभं ठेवू नये, बसण्याची जागा हवेशीर असावी, अन्य काम करण्यास हरकत नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. साहेबांना काम करणारं माणूस हवं होतं, ते मिळत होतं. कर्जाच्या फायली तपासायला खिडकीजवळचं टेबल मिळालं. पत्र घ्याल तर असं घ्या.

सावलीतली

मला उलट बाजू मांडायची आहे. मला घरून काम मिळालं आणि सगळे म्हणाले, सुटलीस. संसर्गापासून सुटले हे खरं. पण ऑफिसात निदान पाणी प्यायला, प्रिंट आणायला उठणं व्हायचं. घरी एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये जायला खुर्चीवरून हलायचं नसतं. चौतिसाव्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली. गरोदरपणात पाय सुजतातच, पण माझा एकच पाय सुजला होता आणि तो हाताला गरम लागत होता. डॉप्लर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, केल्यावर शिरेत गुठळी निघाली. बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घेतली. ती गुठळी फुप्फुसात गेली असती तर हे लिहायला मी नसते.

दोन्ही पाय सुजले तर डॉक्टरांना पुढच्या तपासणीत दाखवा, रक्तदाबही बघतील. एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला तर त्याच दिवशी गाठा. मीटिंगमध्ये उभं राहून फेऱ्या मारायची सवलत मी नंतर उघड मागून घेतली. कॅमेरा बंद, हेडफोन कानात. कुणाची काही हरकत नव्हती.

धाकटी_जाऊ

माझ्या मोठ्या जाऊबाई साफसफाईच्या कामाला जातात. त्यांना टाइप करता येत नाही, त्या सांगतात तसं लिहिते.

“आम्हाला कुणी घरून काम देत नाही. काम बंद तर पगार बंद. साथ आली तशी बाथरूम दिवसातून किती वेळा धुवायची त्याला गणतीच राहिली नाही. जितकं उग्र तितकं चांगलं, असं सुपरवायझरला वाटायचं. संडास साफ करायचं अॅसिड आणि फरशीचं ब्लीच एकाच बादलीत टाकायला लावायचा. डोळ्यांतून पाणी, घशात आग. मी दार उघडून बाहेर आले ते भिंतीला धरून बसले. पोटातलं बाळ गप्प झाल्यासारखं वाटलं तेव्हा मी घाबरले. दवाखान्यात नेलं, ठोके लावून ऐकवले, तेव्हा जीवात जीव आला.”

त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं : ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद जागेत तो कुणालाही घातक, आणि फुप्फुसाला आधीच जागा कमी असलेल्या बाईला तर जास्तच. फरशी पुसायला ब्लीचचं ०.१ टक्क्याचं पातळ द्रावण पुरतं. ते ताजं, उघड्या जागेत, हातमोजे घालून करायचं, आणि आधी साबणाने मळ काढायचा. आता जाऊबाईंच्या तिथे दोन रंगांच्या बादल्या आहेत. एवढीशी गोष्ट, पण ती करून घ्यायला आम्हाला तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत जावं लागलं. ज्यांना रजाच नाही त्यांच्याबद्दलही या धाग्यावर बोललं जावं असं मला फार वाटतं.

डॉ. सुईण

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरच्या ताईंनी बाळ गप्प झाल्याचं लिहिलंय, त्यावर आधी लिहिते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर ‘साथ आहे, दवाखान्यात नको’ असं म्हणून रात्र काढू नका. त्या काळात माझ्याकडे उशिरा आलेल्या बायकांचं दुःख मी पाहिलं आहे. संसर्गाची भीती खरी, पण त्या भीतीने थांबलेली तपासणी जास्त महाग पडते. तसंच सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, रक्तदाब १४० / ९० किंवा वर. हे थकव्यावर ढकलू नका. गरोदरपणात कोविड झालेल्यांमध्ये रक्तदाबाचा हा विकार आणि मुदतीआधी बाळंतपण, दोन्ही जास्त दिसलं.

ऑक्सिमीटरवर आकडा ९५ किंवा वर हवा. बाळाचा पुरवठा त्यातूनच होतो, त्यामुळे इतरांपेक्षा आम्ही तुमच्याबाबत जास्त काटेकोर असतो. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून ऊब आणा, मिनिटभर थांबून आकडा वाचा. ताप आला तर पॅरासिटामॉल घेता येतं, तो अंगावर काढू नका. कामावर आडवं व्हायची सोय असेल तर कुशीवर पडा, पाठीवर नको. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

लशीबद्दल : कोविड लशींच्या पहिल्या चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं. त्यामुळे ज्यांना सगळ्यात आधी उत्तर हवं होतं त्यांना ते उशिरा मिळालं, आणि मला त्याचा आजही राग आहे. पुढे लाखो गरोदर बायकांनी लस घेतली आणि ती सुरक्षित असल्याचं दिसलं. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हेही सिद्ध झालं.

बाबा_होणार

बायको नर्सही नाही आणि बँकेतही नाही, ती अनुवादक, घरीच असायची. बाहेर जाणारा मी, पार्सल पोहोचवायला. म्हणजे तिच्या कामाच्या जागेची सुरक्षितता माझ्या कामाच्या जागेवर ठरत होती. छत्तिसाव्या आठवड्यापासून मी मित्राकडे राहायला गेलो आणि तिची बहीण आमच्याकडे आली. लांब राहणं जड गेलं. पण नवऱ्यांनी हा विचार करावा म्हणून लिहितो आहे.

रोस्टरवाली

मी ड्युट्या लावणारी बाजू. धागाकर्तीने आमच्यावर बोट ठेवलंय ते बरोबर आहे.

आमच्याकडे गाळ्यासारख्या बंद जागेत पॅकिंगचं काम चालतं. माझ्या लक्षात आलं की बाया सांगतच नाहीत. सांगितलं तर कामावरून काढतील, ही भीती. म्हणून आम्ही आधी जाहीर केलं की गरोदर आहे म्हणून कुणाचा पगार किंवा जागा जाणार नाही, आणि ते कागदावर लावलं. मगच नावं आली. त्यानंतर काम बदलणं सोपं होतं : उचलण्याऐवजी नोंदी, शिफ्ट बदलण्याच्या गर्दीआधी अर्धा तास येणं-जाणं, स्वच्छतागृहाला जवळचं टेबल.

हवेसाठी आम्ही कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेतलं. बाहेरच्या मोकळ्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो. खोलीत माणसांच्या श्वासाने तो चढतो, म्हणजे दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय ते समोर दिसतं. ८०० च्या वर गेला की खिडक्या उघडायच्या आणि माणसं कमी करायची, असा नियम केला. मालकांशी वाद घालण्यापेक्षा तो आकडा दाखवणं मला जास्त उपयोगी पडलं.

कोवळी_उन्हं

मला सदतिसाव्या आठवड्यात कोविड झाला, कामावरच. बाळ झालं तेव्हाही मी पॉझिटिव्ह होते. बाळ वेगळं ठेवा असं सगळे सांगत होते. पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं. आमच्या सिस्टरनी तो छापून खोलीच्या दाराला चिकटवला आणि बाळ माझ्या छातीवर दिलं. त्या सिस्टरसुद्धा गरोदर असतील का, हे मी तेव्हा विचारलंच नाही. हा धागा वाचताना ते मनात आलं.

नवी_पालवी

मला आता चोविसावा आठवडा आहे, शाळेत शिकवते, आणि आजूबाजूला फ्लू वाढलाय. मी कधी आणि काय लिहून द्यावं? कुणाकडे मसुदा आहे का?

चांदणरात

@नवी_पालवी, आत्ताच द्या. अठ्ठाविसावा लागेपर्यंत थांबलात तर वेळापत्रक बदलायला त्यांना वेळ मिळणार नाही आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं होईल. फ्लूची लस घेतली नसेल तर तेही याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. माझा अर्ज शाळेसाठी बदलून देते, पोच घ्यायला विसरू नका :

‘मा. मुख्याध्यापक यांस, मी गरोदर असून अमुक तारखेस मला २८ आठवडे पूर्ण होत आहेत. सध्याची साथ पाहता त्या तारखेपासून मला पुढील बदल मिळावेत : खिडक्या उघड्या राहतील असा वर्ग, मैदान, प्रार्थना व पालकसभेच्या गर्दीतून सूट, सलग दोनपेक्षा जास्त तास उभं राहून शिकवणं नसावं, वर्गात साथीचा रुग्ण आढळल्यास मला त्याच दिवशी कळवावं. शिकवण्याचं काम करण्यास मी समर्थ आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. मला अचानक रजा घ्यावी लागल्यास माझे वर्ग कोण घेईल हे आजच ठरवावं, मी त्यांना सर्व टिपणं देऊन ठेवीन.’